नांदुऱ्याच्या बँडला नवा मास्तर

शालिग्राम मास्तरांसमोर दोन गोष्टी बोलायच्या नाहीत, हे नांदुऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एक म्हणजे बँडचा ठेका चुकला असं म्हणायचं नाही. दुसरी, त्यांच्या डाव्या पायाचं नाव काढायचं नाही. पहिली चूक करणाऱ्याला मास्तर शिव्या देत. दुसरी करणाऱ्याशी ते बोलणंच टाकत, आणि ते फार वाईट, कारण मास्तरांच्या शिव्या ऐकायला गोड होत्या.

गावानं हा नियम असा काही मनावर घेतला होता की विचारू नका. मास्तरांच्या घरासमोर पोरी लंगडी खेळत नसत. त्यांच्या बायकोचा, वच्छलाबाईंचा, पाट डुगडुगला तर त्या 'पाट रुसला' म्हणत. एकदा बाजारात बैल विकायला आलेला एक माणूस गिऱ्हाइकाला बैलाचा दोष इमानदारीनं सांगत होता. तेवढ्यात मास्तर समोरून येताना दिसले. त्यानं तोंडातला शब्द गिळला आणि म्हणाला, "बैल जराक लाजरा हाय." गिऱ्हाईक खूष होऊन बैल घेऊन गेलं.

मास्तर मूळचे नांदुऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या कुणब्याच्या घरचे. बापाची बरी जमीन होती, कपाशी-ज्वारी पिकत होती आणि थोरल्या मुलानं तिफन धरावी एवढीच बापाची अपेक्षा. पण पोराचं डोकं फिरवलं मलकापूरला आलेल्या सर्कशीनं. वाघसिंह राहिले बाजूला. तंबूच्या दाराशी फळीवर बसून लाल कोटातली माणसं पितळी वाजी वाजवत होती, ती ऐकत शालिग्राम जो उभा राहिला तो घरी परतलाच नाही. सर्कशीबरोबर गेला. घोड्यांची लीद काढता काढता कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारीसारखं पितळी वाजं, वाजवायला शिकला. मग कुठल्याशा गावी तंबू उभारताना मधला खांब सुटला तो याच्या डाव्या पायावर आला. हाडवैद्यानं हाड बसवलं, पण ते हाडाच्या मर्जीनं बसलं. पाय आखूड झाला आणि जरासा बाहेर वळला.

घरी आला तेव्हा बापानं एकदा त्याच्या पायाकडे पाहिलं, एकदा काखेतल्या कॉर्नेटकडे, आणि म्हणाला, "चांगला पाय देऊन हे भोंगं घेऊन आला! सौदा करायची अक्कल तरी शिकाची व्हती." बापाचं हे बोलणं शालिग्रामाला फारसं लागलं नाही, बाप होता, बोलायचाच. लागलं ते गावच्या पोरांचं. तो वाटेनं निघाला की पोरं त्याच्या मागं रांग धरून, तसाच पाय ओढत चालत आणि फिदीफिदी हसत. वळून पाहिलं की सगळी सरळ. त्या हसण्यापायी त्यानं गाव सोडलं आणि नांदुऱ्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, रुईच्या गाठींवर देखरेखीचं काम धरलं. तिथंच लग्न झालं, तिथंच बिऱ्हाड थाटलं.

बँड निघाला तो हिंमतराव देशमुखांच्या हौसेतून. देशमुख नागपूरला एका लग्नाला गेले होते, तिथं त्यांनी बँड पाहिला, आणि परत येताना कुठल्याशा मोडलेल्या पलटणीची वाजी बैलगाडीभर घेऊन आले. वाजी आली, वाजवणार कोण? मग कोणीतरी जिनातल्या शालिग्रामाचं नाव सांगितलं. त्यानं माणसं जमवली. वैजनाथ शिंप्याला क्लॅरिनेट दिली, कारण त्याची बोटं सुईदोऱ्यानं हलकी झालेली. कडूबा म्हणून जिनातला गाठी उचलणारा एक आडदांड माणूस होता, त्याच्या गळ्यात मोठा ढोल अडकवला, कारण दुसऱ्या कोणाच्यानं तो उचलेना. बाकी हमाल, न्हावी, शेतावरचे सालदार, मिळेल तो. ज्यांनी आयुष्यात शिट्टी वाजवली नव्हती त्यांच्या तोंडात मास्तरांनी सूर घातला. एकेकाला शिव्या देत, चहा पाजत, पुन्हा शिव्या देत.

आणि काय बँड झाला तो! मी म्हणतो, मलकापूरचा बँड मोठा असेल, त्यांचे कोट नवे असतील, पण नांदुऱ्याचा बँड रस्त्यानं निघाला की दुकानात तागडी धरलेला माणूसही जागच्या जागी हलायला लागे. बाहेरगावचे पाहुणे म्हणत, यांच्या वाजवण्यात काहीतरी निराळं आहे बुवा, पण काय ते सांगता येत नाही. मास्तर सगळ्यांच्या पुढं असत. पाठ बँडकडे, तोंड रस्त्याकडे, डोक्यावर उंच तुऱ्याचा फेटा. त्यांच्या हातात काठी नव्हती की छडी नव्हती. मागच्यांची नजर त्या फेट्याकडे असे.

अशी कित्येक लग्नं लागली, गणपती बसले आणि उठले. मग एका हिवाळ्यात, जिनाचा हंगाम ऐन भरात असताना, मास्तरांना दम लागायला लागला. रुईची धूळ इतकी वर्षं छातीत गेलेली. वैद्यबुवांनी पाठीला कान लावला आणि साफ सांगितलं, कॉर्नेट फुंकणं बंद, मिरवणुकीत चालणं बंद. मास्तर त्यांनाही शिव्या देणार होते, पण खोकला आडवा आला.

तिकडे हिंमतरावांच्या शारदेचं लग्न ठरलं होतं. जावई अमरावतीच्या वकिलांच्या घरातला. वऱ्हाड आगगाडीनं येणार आणि स्टेशनापासून वऱ्हाडाच्या उतरायच्या जानोशाच्या घरापर्यंत वाजतगाजत जाणार. देशमुखांनी मास्तरांना बोलावून घेतलं.

"मास्तर, माह्या पोरीच्या लग्नात माहाच बँड वाजला पाह्यजे," ते म्हणाले. "पन तुमच्या जागी कोन, ते तुमीच ठरवा. नाई ठरलं, तं मले मलकापूरले सांगावा धाडा लागन. अन् एकडाव बाहेरचा बँड आला, का आपला गेलाच समजा. ही वाजी मंग मी कायले ठेवू?"

म्हणजे नवा मास्तर नेमायचा, तोही लग्नाच्या आत, नाहीतर बँड संपला. मास्तरांना झोप लागेना. वैजनाथाला विचारलं तर तो म्हणाला, "मी पुढं झालो तं मांगं क्लॅरिनेट कोन वाजवन?" कडूबाला विचारण्यात अर्थ नव्हता, त्याला ढोलावरून रस्ताच दिसत नसे. शेवटी मास्तरांनी मनातलं नाव काढलं. शाळेत कवायत शिकवायला शरच्चंद्र म्हणून एक तरुण मास्तर आला होता. घराणं बुलढाण्याचं, वडील कचेरीत कारकून. नागपूरला शिकताना तो तिथल्या एका बँडमध्ये वाजवायचा. कागदावर लिहिलेलं संगीत वाचायचा. आपल्या मास्तरांशी घोटाळा नको म्हणून बँडवाले त्याला गुरुजी म्हणत. तो संध्याकाळी तालमीच्या जागी येऊन कोपऱ्यात बसे आणि ऐकत राही. कारकुनाच्या मुलानं वरातीपुढं वाजवत जायचं म्हणजे त्याच्याही घरी रामायण होणार होतं. पण विचारताच तो इतका लाजला आणि इतक्या लवकर 'हो' म्हणाला, की मास्तरांना आपलीच सर्कस आठवली.

जिनाच्या आवारात नारळ फुटला, बत्तासे वाटले गेले. मास्तर माणसांना म्हणाले, "आजपासून गुरुजी सांगतीन ते खरं. माह्याकडं पाह्यचं नाई." एवढं बोलून ते घरी गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून तालमीकडे फिरकले नाहीत. नव्या सुनेच्या चुलीजवळ सासूनं उभं राहू नये, हे त्यांना कळत होतं. कळत असून पाळणारी माणसं थोडी.

तालीम बसून झाली तोवर सगळं सुरळीत होतं. पण शरच्चंद्र पुढं झाला, बँड मागं उभा राहिला आणि चालायला सुरुवात झाली, तिथं माशी शिंकली. दहा पावलं झाली नाहीत तोच क्लॅरिनेट एकीकडे आणि ढोल दुसरीकडे. झांजवाला न्हाव्याच्या पाठीवर आदळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. शरच्चंद्र कवायतीचा माणूस, ताठ, पावलं मोजून मापून टाकणारा. त्याचा फेटा डोक्यावर खिळा मारल्यासारखा सरळ जाई आणि मागच्यांना त्यात काही सापडतच नसे. हळूहळू आवाराच्या फाटकाशी बघे जमायला लागले. नांदुऱ्याच्या बँडवर माणसं हसायला जमली, हे आजवर झालं नव्हतं.

शरच्चंद्र हुशार होता. त्यानं एक दिवस चालणं बंद केलं, बाजूला उभा राहिला आणि वैजनाथाला पुढं घालून बँडला एकटं चालू दिलं. पुढं तुऱ्याचा फेटा नसताना सगळे जुन्या सवयीनं वाजवत निघाले. त्यानं त्यांना पाहिलं, डोळे मिटून ऐकलं, आणि मग त्याचा चेहरा पडला. तसाच तो मास्तरांच्या घरी गेला.

मास्तर ओट्यावर बसले होते. शरच्चंद्र उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्तर, रागावू नका. दोष माणसांचा नाही, माझाही नाही. तुमचा बँड लंगडतो."

आत वच्छलाबाईंच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. एका वाक्यात दोन्ही गोष्टी! इतकी वर्षं गावानं जपलेलं सगळं या पोरानं एका दमात बोलून टाकलं होतं. मास्तर उठले आणि म्हणाले, "निंघा इथून." शिवी नाही, काही नाही. शरच्चंद्र मान खाली घालून निघून गेला.

पण शब्द कानात राहिला. दोन दिवस मास्तर जेवले न जेवल्यासारखे. तिसऱ्या दिवशी त्यांनी निरोप धाडला, की बँड माझ्या घरावरून न्या, वैजनाथ पुढं राहू द्या, मला ऐकायचं आहे. आता गंमत अशी, की मास्तरांनी आपला बँड कधी बाहेरून ऐकलाच नव्हता. ते नेहमी पुढं, बँडच्या बरोबर चालत. गवय्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही, तशातली गत. आज पहिल्यांदा ते ओट्यावर पाय स्थिर ठेवून बसले.

बँड आला. आधी मास्तरांच्या तोंडावर समाधान दिसलं; सूर पक्के होते. मग त्यांची मान एकीकडे कलली. ढोलाचा एक ठोका येई, मग जरा जास्त वेळ जाई, आणि दुसरा ठोका घाईनं येऊन पडे. पुन्हा एक लांब, पुन्हा एक घाईचा. सगळा बँड त्या ठोक्यांवर वरखाली होत, डुलत चालला होता, आणि रस्त्याकडेला उभी असलेली माणसंही तशीच डुलत होती. मास्तरांनी हा आवाज ओळखला. रोज पहाटे न्हाणीपासून चुलीपर्यंत जाताना फरशीवर त्यांच्या स्वतःच्या पावलांचा हाच आवाज होत असे.

बँड पुढं गेला. मास्तरांनी कडूबाला परत बोलावलं. तो ढोल उतरवून, घाम पुसत समोर बसला.

"कडूबा, हे कधीपासून?"

कडूबानं न समजल्याचं सोंग करून पाहिलं, पण ते त्याला साधणारं नव्हतं. "पयल्या वर्सापासून," तो म्हणाला. "पयलं लग्न आठोते तुमाले? म्या तुमी शिकोला तसा सरका, एकसारखा ढोल वाजोला. तुमी त्या ठेक्यामांगं धावून राह्यले व्हते. बाजारातल्या चढाले दोनदा झोकांडी गेली तुमची. मले पाहावलं नाई. म्या म्हनलं, मानूस ढोलामांगं काऊन पळन? ढोलच मानसामांगं चालन. मंग म्या तुमच्या फेट्यावर नजर ठेवली, फेटा खाली गेला का ठोका टाकला. बाकीचे ढोल आयकून वाजोत व्हते, ते आपसूक आले."

"अन् मले सांगतलं काऊन नाई?"

"कसं सांगू, मास्तर? तुमच्यासमोर तो शबूद कोन बोलन?"

कडूबा ढोल उचलून निघून गेला. तुम्हाआम्हाला वाटेल, केवढं हे प्रेम, माणसाला भरून यावं. मास्तरांना भरून आलं नाही. त्यांना आपल्या गावची ती वाट आठवली आणि मागं रांग धरून चालणारी पोरं आठवली. ज्या पायाला ते गावापासून लपवत होते तो पाय गावाला इतकी वर्षं ढोल बडवून ऐकवला जात होता, आणि पुढं चालत होते ते स्वतः, तुरा मिरवत. हे त्यांच्या मनाला इतकं लागलं की रात्री वच्छलाबाईंनी वाढलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं.

सकाळी त्यांनी शरच्चंद्राला निरोप पाठवला. गुरुजी, तुमचं खरं होतं. ठेका सरळ करा. लग्नात एक पाऊल वाकडं पडता कामा नये.

मग बिचाऱ्या बँडचे हाल सुरू झाले. शरच्चंद्रानं शाळेतल्यासारखी कवायत घेतली. एक-दोन, एक-दोन. वैजनाथ ओठ चावून सरळ वाजवायला लागला. कडूबा तर रडकुंडीला आला, हात त्याचा ऐकेना. खटपट करून एकदाचा ठेका सरळ झाला, पण त्यातला जीव गेला. फाटकाशी जमणारे लोक हसायचे थांबले आणि यायचेही थांबले. हिंमतराव एकदा ऐकायला आले, पाच मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "हे लग्नाचं हाय का पोलीस परेडचं? मलकापूरले मानूस धाडतो मी. उद्यापरेंत थांबतो, तुमच्या मास्तरासाठी. जादा नाई."

त्याच दिवशी दुपारी शरच्चंद्र पुन्हा मास्तरांच्या ओट्याशी आला. या वेळी तो खाली बसला.

"मास्तर, मी चुकलो," तो म्हणाला. "बँड लंगडतो म्हटलं तेव्हा तो दोष वाटला मला. दोष नव्हता तो, तेच त्याचं वाजवणं होतं. मी ते पुसायला निघालो. आता एकच उपाय आहे. मला शिकवा."

"काय शिकवू? तुमाले तं सगळं येते."

"चालायला."

मास्तरांचे कान लाल झाले. धडधाकट पायांचा हा तरुण आपल्यासारखा पाय ओढत रस्त्यानं जाणार, आणि आपण ते शिकवायचं! "थट्टा करून राह्यले का माही?" ते ओरडले, आणि खोकल्यानं वाकले.

दारातून वच्छलाबाई बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर त्या सहसा येत नसत, नवऱ्याला उलट तर कधीच बोलत नसत. आज पदर सारखा करून त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"आयका," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन आली तवापासून मी त्या पायाचा आवाज आयकते. तो वाजला का मले समजते, घरचे आले, आता ताट घ्या. तो आवाज आला नाई का माहा जीव थाऱ्यावर राह्यत नाई. तुमाले लाज वाटते त्या पायाची. मले कधी वाटली नाई, कडूबाले वाटली नाई, गावाले वाटली नाई. तुमीच एकटे लाजून राह्यले, अन् तुमच्यासाठी आमी समदे तोंडाले कुलूप लावून बसलो. मी तं पाटालेबी रुसला म्हनते! आता तुमच्या लाजंपायी बँड बुडते. बुडू द्याचा असन तं द्या."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि चुलीपुढं बसून रडल्या. शरच्चंद्र हलला नाही. मास्तर उठले आणि म्हणाले, "आंगनात या. दार लोटून घ्या."

आणि मग त्या अंगणात जे झालं ते पाहायला मी माझी एक एकर कपाशी दिली असती. शरच्चंद्रानं पहिल्यांदा चालून दाखवलं ते इतकं भयंकर, की मास्तर ओरडले, "अरे बाप्पा! हे तं संगीत नाटकातलं भिकारी झालं. कन्हता कायले? माहा पाय दुखत नाई!" दुसऱ्यांदा तो उजव्या पायानं लंगडला. तिसऱ्यांदा दोन्ही. आत वच्छलाबाईंना रडता रडता हसू फुटलं, आणि ते हसू ऐकून मास्तरांचे कान तापले नाहीत, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

शेवटी त्यांनी जे कोणाला दाखवलं नव्हतं ते दाखवलं. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. नडगीवर हाड उंचावलं होतं, त्याखाली पाय बाहेर वळला होता. "पाहा," ते म्हणाले. "नीट पाहा. हा लहान हाय, म्हनून हा लवकर उचलते अन् लवकर टेकते. अन् हा उजवा, हा मोठा भाऊ. हा टेकला का थांबते, धाकट्याची वाट पाह्यते. तुमी धाकट्याले ओढून राह्यले. ओढू नोका. मोठ्याले थांबवा."

शरच्चंद्र थांबायला शिकला. संध्याकाळ होईपर्यंत अंगणात दोन फेटे बरोबरीनं वरखाली होत होते. दुसऱ्या दिवशी तो बँडपुढं उभा राहिला, चालू लागला, आणि कडूबानं ढोलावर जो ठोका टाकला तो जिनाच्या पत्र्यांवर घुमला. मलकापूरला निघालेला माणूस देशमुखांनी वेशीवरून परत बोलावला.

लग्नाचा दिवस उजाडला. गाडी आली, अमरावतीचं वऱ्हाड उतरलं, नवरदेव घोडीवर बसला. देशमुखांनी मास्तरांना आपल्या टांग्यात बसायला बोलावलं होतं, पण ते स्टेशनच्या रस्त्यावर एका आडत्याच्या दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसले, गावातल्या माणसांत. त्यांना अजूनही धाकधूक होती. अंगणातली गोष्ट वेगळी. इथं सगळं गाव होतं, परगावचे लोक होते, आणि एक ताठ तरुण त्यांचा पाय घेऊन भर रस्त्यानं येणार होता. हसतील का?

बँड वळणावरून आला. पुढं शरच्चंद्र, तुरा वर जात होता, क्षणभर थांबून खाली येत होता. मागं वैजनाथाची क्लॅरिनेट रंगात आलेली, कडूबा डोळे मिटून ढोल बडवत होता. कोणी हसलं नाही. वऱ्हाडी मंडळी मात्र पावलागणिक डुलायला लागली होती; जरीच्या टोप्या, उपरणी, मोठाल्या पगड्या, सगळं एका लयीत. नवरदेवाचा काका, पिकल्या मिशांचा नामांकित वकील, चालता चालता ओट्याशी थांबला. त्याला दम लागला होता आणि तो आनंदात होता.

"काय हो," ओट्यावरच्या लोकांना त्यानं विचारलं, "हा ठेका कुठला तुमचा? मी नागपूर-जबलपूरकडचे पुष्कळ बँड ऐकले. असं कुठं ऐकलं नाही. पाय ऐकतच नाहीत माझे!"

ओट्यावर जो तो दुसरीकडे पाहायला लागला. आडत्यानं घाईघाईनं सांगितलं, "तसं काही नाई साहेब, जुना ठेका हाय, इकडलाच." गावानं सवयीनं मास्तरांवर पांघरूण घातलं.

मास्तर खांबाला धरून उभे राहिले. त्यांनी आडत्याकडे पाहिलं, गावातल्या त्या सगळ्या भल्या माणसांकडे पाहिलं, आणि वकिलाला म्हणाले, "इकडला नाई साहेब. माहा हाय. सर्कशीत माह्या डाव्या पायावर खांब पडला व्हता. मी चालतो तसा हा बँड वाजते."

वकिलाची नजर खाली मास्तरांच्या पायाकडे गेली आणि अवघडून पुन्हा वर आली.

"पाहा ना, पाहा," मास्तर म्हणाले. "लाजू नोका." आणि ते ओट्यावरून उतरले. आयुष्यभर ते या बँडच्या पुढं चालले होते. आज त्यांच्यापुढं सगळी वरात होती, घोडी होती, अमरावतीचे वकील होते, नांदुऱ्याचे हमाल होते, आणि सगळे त्यांच्यासारखे चालत होते. मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली, ती त्यांनी पुसलीही नाही. वैद्यबुवा गर्दीतून काहीतरी ओरडले, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

"चला साहेब," ते वकिलाला म्हणाले, "आपुन मांगं राह्यलो." आणि ते दोघं वरातीच्या मागं, तिच्याच पावलानं, चालायला लागले.